एका मुलाची दहा वर्षं: अमेरिकी राज्यांतल्या विद्यार्थी-नोंदींचा इतिहास

आज बोलायचं आहे ते अमेरिकेतल्या राज्यांबद्दल. पण सुरुवात आपण आपल्याच शाळेतल्या एका जाडजूड वहीपासून करू या. जनरल रजिस्टर. ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांना ही वही माहीत असणारच. एका मुलाला एक ओळ. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जात, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख. आणि शेवटाकडे दोन रकाने: शाळा सोडल्याची तारीख, आणि शाळा सोडल्याचं कारण. या कारणाच्या रकान्यात एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटतं: 'पालकांच्या विनंतीवरून'. बाप ऊसतोडीला गेला असेल, मुलीचं लग्न ठरलं असेल, किंवा खरोखरच वडिलांची बदली झाली असेल. वही एवढंच सांगते की मूल गेलं.

पुढच्या शाळेत त्याच मुलाला नवा रजिस्टर क्रमांक मिळतो. या दोन वह्या एकमेकींना ओळखत नाहीत. मधे फक्त एक कागद असतो, शाळा सोडल्याचा दाखला. तो हरवला की धागा तुटला. म्हणजे 'तिसरीत ज्यांना धड वाचता येत नव्हतं त्यांचं दहावीत काय झालं?' असा साधा प्रश्न विचारला, तर राज्यातली सगळी रजिस्टरं एका खोलीत आणून रचली तरी उत्तर हाती लागणार नाही. उत्तरासाठी लागते ती एकाच मुलाची दहा वर्षं, एकाच धाग्यात ओवलेली.

असा धागा राज्यातल्या प्रत्येक मुलासाठी ओवायचा, ही कल्पना प्रत्यक्षात आली ती अमेरिकेतल्या काही राज्यांत, साधारण १९८० ते २०१० या तीस वर्षांत. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या नोंदी संशोधनासाठी तयार झाल्याच नाहीत. त्या तयार झाल्या पैसे वाटायला आणि शाळांना जाब विचारायला. संशोधक मागाहून आले, पाहुण्यासारखे. घरात जे शिजलं होतं तेच त्यांच्या पानात पडलं. म्हणून यातला कुठलाही आकडा वाचताना तो रकाना कोणाच्या गरजेतून आला, हे आधी बघावं लागतं.

अमेरिकेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवू या. तिथल्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. शाळा ही राज्याची बाब, आणि प्रत्यक्षात शाळा चालवतात ते स्थानिक शालेय जिल्हे. त्यांची संख्या आजही १३,००० च्या वर आहे. हे जिल्हे आपल्या जिल्ह्यांसारखे नाहीत. काही तालुक्यापेक्षा लहान, काही मुंबईसारखे अवाढव्य. आकडे गोळा करायची हौस मात्र त्यांना जुनी. मॅसॅच्युसेट्समध्ये होरेस मॅन १८३७ साली शिक्षण मंडळाचे पहिले सचिव झाले आणि गावागावांतून शाळांची माहिती मागवून दरवर्षी अहवाल काढू लागले. १८६७ साली वॉशिंग्टनमध्ये संघीय शिक्षण खातं निघालं तेही मुख्यतः आकडेवारी जमवायलाच. पण हे सगळं मोजणं शाळांचं होतं. किती शाळा, किती शिक्षक, किती पट. मूल त्या बेरजेत विरघळून जायचं.

मुलापर्यंत पोचणारी एक मोठी पाहणी छापून आली ती १९६६ साली. १९६४च्या नागरी हक्क कायद्यात एक कलम होतं: वंश, वर्ण, धर्म यांमुळे कोणाला शिक्षणाची समान संधी मिळत नाही का, याची पाहणी करून दोन वर्षांत अहवाल द्या. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्याकडे हे काम आलं. सुमारे ४,००० शाळा आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी. सगळ्यांची अपेक्षा अशी की काळ्या मुलांच्या शाळांत पुस्तकं कमी, प्रयोगशाळा नाहीत, म्हणून गुण कमी, असं चित्र निघेल. निघालं वेगळंच. मुलांच्या गुणांमधला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळत होता. याचा अर्थ अनेकांनी असा लावला की शाळेने फारसा फरक पडतच नाही.

आता इथे थांबू या, कारण पुढची सगळी कथा याच जागेवरून फुटते. कोलमन यांच्याकडे होता तो एक फोटो. एका वर्षी, एका दिवशी, मूल जिथे होतं तिथे काढलेला. सहावीतल्या मुलाला साठ गुण आहेत. ठीक. पण ते पहिलीत कुठे होतं? साठपर्यंत चढत आलं की ऐंशीवरून घसरलं? फोटोत ते दिसत नाही. शाळेने काय केलं हे बघायचं तर तेच मूल शाळेत शिरताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा दिसलं पाहिजे. एका फोटोत घर जास्त दिसणार आणि शाळा कमी दिसणार, हे ओघानेच आलं. पुढची चाळीस वर्षं शिक्षणाचे अर्थशास्त्रज्ञ या एका फोटोशी भांडत राहिले, असं म्हटलं तरी चालेल.

आता टेक्सासला जाऊ या. १९८४ साली तिथे शाळासुधारणेचा मोठा कायदा झाला. त्याच सुमाराला सॅन अँटोनियोच्या एजवूड या गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या शालेय जिल्ह्याने राज्यावर खटला भरला. तक्रार सरळ होती: शाळांचा पैसा स्थानिक मालमत्ताकरावर अवलंबून आहे, मग श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीबच राहणार. १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एजवूडच्या बाजूने निकाल दिला. पैसा नीट वाटायचा तर कुठल्या जिल्ह्यात किती मुलं, कसली मुलं, किती दिवस हजर, शिक्षक किती आणि खर्च किती, हे राज्याला एका जागी कळायला हवं. त्या दशकाच्या अखेरीला टेक्सासने सगळ्या शाळांसाठी एकच माहिती-व्यवस्था उभी केली. ही हिशेबाचीच वही, फक्त संगणकावरची. पण तिच्यात प्रत्येक मुलाला एक क्रमांक होता, आणि नव्वदच्या दशकात राज्याने दरवर्षी परीक्षा सुरू केल्यावर त्या क्रमांकापुढे गुणही येऊन बसले. कोणी ठरवलेलं नसताना धागा तयार झाला होता.

तो धागा पहिल्यांदा ओळखला तो जॉन केन यांनी. केन हे शिक्षणतज्ज्ञ नव्हते. काळ्या कामगारांची घरं एकीकडे आणि नोकऱ्या दुसरीकडे सरकतात, त्यामुळे बेकारी वाढते, या त्यांच्या १९६८च्या निबंधासाठी ते ओळखले जात. घर कुठे आहे यावरून शाळा कुठली मिळते, या प्रश्नातून ते टेक्सासच्या नोंदींकडे आले. १९९२ साली हार्वर्डमध्ये असताना त्यांनी हे काम सुरू केलं, आणि पुढे त्यासाठी थेट डॅलसच्या विद्यापीठात मुक्काम हलवला. नावं काढून टाकलेली, क्रमांक बदललेली, पण वर्षावर्षांनी जुळणारी लाखो मुलांची माहिती त्यांच्या गटाने रचली. हे काम किती कंटाळवाणं असेल याची कल्पना करा. एका वर्षी आडनाव एका स्पेलिंगने, पुढच्या वर्षी दुसऱ्या. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे. जुळे भाऊ एकाच क्रमांकावर. आपल्याकडे आधार जुळवणी केलेल्या कुठल्याही गुरुजींना हे समजावून सांगायची गरज नाही.

या नोंदींतून निघालेला सगळ्यात गाजलेला निबंध रिव्हकिन, हनुशेक आणि केन यांचा. २००५ साली तो छापून आला तेव्हा केन हयात नव्हते. तीन तुकड्या, प्रत्येक तुकडीत दोन लाखांहून जास्त मुलं, ३,०००हून जास्त शाळा. निष्कर्ष असा की शिक्षकाशिक्षकांत मोठा फरक असतो, तोही एकाच शाळेच्या आत. आणि हा फरक पदव्युत्तर पदवीवरून ओळखता येत नाही, पहिली काही वर्षं सोडली तर अनुभवाच्या वर्षांवरूनही नाही. म्हणजे पगाराची श्रेणी ज्या दोन गोष्टींवर ठरते, नेमक्या त्याच गोष्टी फारसं काही सांगत नाहीत! कोलमन यांच्या अहवालानंतर 'शाळेने फरक पडत नाही' असं जे म्हटलं जात होतं, त्याला हे उत्तर होतं. फरक पडतो, पण तो इमारतीत आणि पुस्तकांच्या संख्येत शोधला जात होता.

आता गंमत बघा. टेक्सासच्या त्या नोंदींत कुठल्या मुलाला कुठला शिक्षक होता, हे लिहिलेलंच नव्हतं! शाळा होती, इयत्ता होती, त्या इयत्तेला शिकवणारे शिक्षक होते. पण हे मूल या बाईंच्या वर्गात, हा रकाना नव्हता, कारण पैसे वाटायला त्याची गरज नव्हती. मग शिक्षकांमधला फरक काढला कसा? ज्या शाळेत एखाद्या इयत्तेचे शिक्षक बदलले तिथे मुलांची प्रगती किती हलली, आणि जिथे तेच शिक्षक राहिले तिथे किती हलली, याची तुलना करून. आडून काढलेली वाट. नॉर्थ कॅरोलायनात तर याहून मजेशीर प्रकार. तिथल्या शाळांची माहिती २०००च्या सुमाराला ड्यूक विद्यापीठातल्या एका केंद्राकडे येऊ लागली. तिथेही शिक्षकाचा रकाना नव्हता. पण परीक्षेच्या वेळी वर्गावर पर्यवेक्षक कोण होतं, ते उत्तरपत्रिकेसोबत नोंदलेलं होतं. प्राथमिक शाळेत बहुतेक वेळा वर्गशिक्षकच पर्यवेक्षण करतात. क्लॉटफेल्टर, लॅड आणि व्हिग्डोर यांनी तो धागा पकडला, दुसऱ्या नोंदींशी ताडून पाहिला. नवखे शिक्षक काळ्या मुलांच्या वाट्याला जास्त येतात, हेही त्यांनी राज्याच्या नोंदींवरून दाखवलं. शाळाशाळांमध्ये तर हा फरक आहेच, पण एकाच शाळेतल्या वर्गावर्गांतही आहे.

तिसरं राज्य टेनेसी. तिथली गोष्ट सुरू होते गोठ्यात. विल्यम सँडर्स हे टेनेसी विद्यापीठात शेतीविषयक संशोधनाला मदत करणारे संख्याशास्त्रज्ञ. पशुपैदाशीच्या शास्त्रात एक जुना प्रश्न आहे: वळू चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? वळू स्वतः दूध देत नाही. मग त्याच्या मुलींचं दूध मोजायचं. पण त्या मुली वेगवेगळ्या गोठ्यांत, वेगवेगळ्या चाऱ्यावर, वेगवेगळ्या आयांच्या पोटच्या. ते सगळं बाजूला काढून वळूचा वाटा किती, याचं गणित कॉर्नेलच्या चार्ल्स हेंडरसन यांनी बसवलं होतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टेनेसीत चर्चा चालू होती ती चांगल्या शिक्षकांना जास्त पगार द्यायची, आणि अडचण अशी की परीक्षेच्या गुणांवरून शिक्षक कसा मोजणार. सँडर्स यांना वाटलं, हे तर आपलंच गणित आहे. शिक्षक स्वतः परीक्षा देत नाही. त्याची मुलं देतात. नॉक्स काउंटीच्या शाळांचे गुण घेऊन त्यांनी ते करून दाखवलं. जवळपास दहा वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मग तिथेही खटला आला. लहान ग्रामीण शालेय जिल्ह्यांनी राज्यावर भरलेला, पैशाच्या असमान वाटपाचा. राज्याला शाळांसाठी कर वाढवावा लागणार होता, आणि कर वाढवायचा तर लोकांना हिशेब हवा. १९९२च्या शिक्षणसुधारणा कायद्यात सँडर्स यांचं गणित जाऊन बसलं.

त्या गणितात एक न्याय होता, तो मान्य करायला हवा. प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षांशी. गरीब वस्तीतली शाळा गुणांत मागे असली तरी मुलांना पुढे नेत असेल, तर ते दिसतं. श्रीमंत वस्तीतली शाळा घरच्या शिकवण्यांच्या जोरावर फुकटचं श्रेय घेत असेल, तर तेही दिसतं. पण वळू आणि शिक्षक यांत एक फरक आहेच. गाईंना वळू वाटून देता येतात. मुलांना शिक्षक कसे वाटले जातात? शाळेत असलेल्या कोणालाही विचारा. दंगेखोर मुलं कडक बाईंकडे जातात, ओळखीच्या पालकांची मुलं चांगल्या सरांकडे.

हा संशय अंकांत मांडला जेसी रॉथस्टीन यांनी, २०१० साली, नॉर्थ कॅरोलायनाच्याच नोंदी वापरून. त्यांनी एक विचित्र प्रश्न विचारला: पाचवीच्या शिक्षकाचा मुलाच्या चौथीतल्या प्रगतीवर परिणाम होतो का? वेडेपणाच, नाही का? मूल त्या शिक्षकाला अजून भेटलेलंच नाही. पण गणिताने उत्तर दिलं: हो, होतो. याचा अर्थ शिक्षक भूतकाळ बदलतात असा नाही. याचा अर्थ मुलं वर्गांत वाटली जातात तेव्हाच चौथीतलं काहीतरी पाहून वाटली जातात, आणि मग गणित ते सगळं शिक्षकाच्या माथी मारतं. यावर पुढे बरीच उलटसुलट झाली. दुसऱ्या अभ्यासकांनी आपली उत्तरं दिली, त्यातली काही वजनदार आहेत. पण आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात सुंदर प्रश्न हाच. आणि हेही लक्षात घ्या की तो विचारता आला तो त्याच धाग्यामुळे. ज्या नोंदींनी दावा करू दिला, त्याच नोंदींनी तो तपासूही दिला.

एवढ्या शंका असताना शहाणपण काय होतं? शाळेचं एकूण चित्र बघायला हे गणित वापरायचं, एकेका शिक्षकाच्या गळ्यात त्याची पाटी अडकवायची नाही. झालं उलटं. अनेक ठिकाणी नोकरी, बढती, बोनस यांना ते जोडलं गेलं. २०१४ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने निवेदन काढून सांगितलं की बहुतेक अभ्यासांनुसार मुलांच्या गुणांतल्या फरकापैकी १ ते १४ टक्के फरकच शिक्षकांमुळे असतो. ह्यूस्टनच्या शिक्षकांनी तर कोर्ट गाठलं. त्यांचे गुण काढणारी व्यवस्था सँडर्स यांच्याच गणितातून वाढलेली, आणि आता एका खासगी कंपनीच्या मालकीची. आकडा कसा आला हे कंपनी सांगत नाही, व्यापारी गुपित. २०१७ साली संघीय न्यायाधीशांनी म्हटलं की आकडा पडताळून पाहायची सोयच नसेल तर शिक्षकांची तक्रार चालवण्याजोगी आहे. मग तडजोड झाली.

ह्यूस्टनचं नाव निघालंच आहे तर तिथली दुसरी गोष्ट सांगायला हवी. आजच्या विषयाचं मर्म आम्हाला तिथे दिसतं. टेक्सासमध्ये शाळेचा दर्जा ठरवताना गुणांबरोबर गळतीचं प्रमाणही धरलं जायचं. मूल शाळेतून गेलं की त्याच्यापुढे एक सांकेतिक आकडा टाकायचा: दुसऱ्या शाळेत गेलं, मायदेशी परतलं, खासगी परीक्षेची तयारी करतंय, वगैरे. असे डझनावारी आकडे, आणि त्यांतले बहुतेक 'गळती' धरले जात नसत. २००३ साली उघड झालं की ह्यूस्टनच्या शार्प्सटाउन हायस्कूलने एका वर्षाची गळती दाखवली होती शून्य. सुमारे १,७०० विद्यार्थ्यांची शाळा, गरीब वस्तीतली. त्या वर्षी तिथून ४६०हून जास्त मुलं निघून गेली होती. गळलं कोणीच नव्हतं! शाळेतल्याच एका सहायक मुख्याध्यापकांनी हे बोलून दाखवलं. मग राज्याने ह्यूस्टनच्या सोळा शाळांचं दप्तर तपासलं. सुमारे साडेपाच हजार गेलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलं गळती म्हणून नोंदायला हवी होती.

आणि हे घडलं कुठे? ज्या शहराचे माजी शिक्षणप्रमुख रॉड पेज तेव्हा अमेरिकेचे शिक्षणमंत्री होते, आणि ज्या टेक्सासच्या नमुन्यावर २००२चा 'एकही मूल मागे राहू नये' हा कायदा देशभर लागू झाला होता, तिथे. मागे राहिलेली मुलं सांकेतिक आकड्याच्या आड गेली होती. ती कागदावर कुठेतरी 'गेलेली' होती. मेक्सिकोला, दुसऱ्या शाळेत, कुठेही. 'पालकांच्या विनंतीवरून'.

या प्रकरणाने एक गोष्ट मात्र पक्की झाली. शाळेने सांगितलेली गळती आणि मुलाच्या मागे जाऊन मोजलेली गळती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोवर प्रत्येक राज्य आपापल्या सोयीचं सूत्र वापरत होतं. २००५ साली राज्यपालांनी एका समान सूत्राचा करार केला, आणि २००८च्या संघीय नियमांनी ते बंधनकारक झालं: नववीत आलेली तुकडी घ्यायची, चार वर्षांनी त्यातली किती मुलं पदविका घेऊन बाहेर पडली ते मोजायचं. दुसऱ्या शाळेत गेलं म्हणता? मग कागद दाखवा. कागद नसेल तर ते मूल तुमच्याच खात्यावर राहील. हे करायला राज्यभर टिकणारा क्रमांक लागतो. त्यासाठी केंद्राने २००५पासून राज्यांना अनुदानं द्यायला सुरुवात केली, पहिल्या फेरीत १४ राज्यं. आणि २००९ साली मंदीतून सावरण्याच्या पॅकेजमध्ये या कामाला २५ कोटी डॉलर मिळाले. अशी व्यवस्था उभारणं एका पिढीत राज्यांसाठी नेहमीचं काम होऊन गेलं. टेक्सासने तर शाळा, महाविद्यालय आणि पुढची पगाराची नोंद एका ठिकाणी जोडून संशोधनकेंद्रं काढली. तिथे संशोधक येऊन बसतो, नाव नसलेली माहिती वापरतो, आणि निष्कर्ष तपासल्याशिवाय बाहेर नेऊ शकत नाही. एखाद्या गटात मोजकीच मुलं असतील तर तो आकडा छापत नाहीत, कारण गावात त्या वर्णनाचं एकच मूल असेल तर नाव काढून उपयोग काय?

गोपनीयतेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदी कोणाला दाखवायच्या याचा संघीय कायदा १९७४चा. २००८ साली काँग्रेसने उच्चशिक्षणाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलं की केंद्राने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची व्यक्तिनिहाय राष्ट्रीय नोंदवही करायची नाही. म्हणजे राज्य करू शकतं, देश नाही. आणि २०१३ साली 'इनब्लूम' नावाची संस्था मोठ्या देणगीच्या बळावर अनेक राज्यांच्या विद्यार्थ्यांची माहिती एकत्र ठेवायला निघाली, तेव्हा पालक इतके भडकले की २०१४ साली तिने गाशा गुंडाळला. पालकांचा प्रश्न साधा होता: आम्हाला विचारलं कोणी?

आता परत आपल्या रजिस्टराकडे. महाराष्ट्रात धाग्याची गरज कशातून पटली, आठवतंय? ऑक्टोबर २०११. तीन दिवसांची पटपडताळणी, मुलांच्या बोटाला शाई लावून, म्हणजे एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये. आधी नांदेडमध्ये असा प्रयोग झालेला. पटावरच्या सुमारे २० लाख नावांना त्या दिवसांत वर्गात चेहरा मिळाला नाही. ते सगळे बोगस होते असं म्हणणं चुकीचं ठरेल. कोणी आजारी असेल, कोणी आईबापांबरोबर स्थलांतरात. पण बराच भाग नुसताच पट होता, कारण पटावर तुकडी, तुकडीवर शिक्षक आणि शिक्षकावर अनुदान. ह्यूस्टनमध्ये दर्जाच्या भीतीने असलेली मुलं कागदावरून पुसली. आपल्याकडे अनुदानाच्या ओढीने नसलेली मुलं कागदावर जन्माला घातली.

२०१५ साली आपल्याकडे 'सरल' आलं आणि मुलाला क्रमांक मिळाला. रात्री बारानंतर सर्व्हर हलका असतो म्हणून जागून माहिती भरणारे शिक्षक या सभागृहातही असतील. शाळांची देशपातळीवरची माहिती नव्वदच्या दशकापासून जमत होती, पण शाळानिहाय. विद्यार्थीनिहाय ती झाली २०२२-२३ पासून. मग काय झालं? २०२१-२२ साली देशाची पटसंख्या होती २६.५२ कोटी. २०२३-२४ साली ती २४.८० कोटी. मंत्रालयाने सांगितलं की मोजण्याची पद्धत बदलली आहे, म्हणून आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका. बरोबर आहे. पण पद्धत बदलल्यावर एवढी नावं कमी होतात, तेव्हा आधीच्या वर्षांवर बेतलेल्या अभ्यासांचं काय करायचं, हा प्रश्न संशोधकाने स्वतःला विचारायला हवा.

आणि आता उलट बाजू. संचमान्यतेसाठी आधार वैध झालेली मुलंच धरायची, असं धोरण राज्यात आलं तेव्हा शिक्षक संघटनांनी तक्रार केली: मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण आईच्या आधारवर नाव एक आणि रजिस्टरला दुसरं, म्हणून ते आकड्यात नाही. ही मुलं कुठली असतात? भटक्यांची, वीटभट्टीवरची, उसाच्या फडावरची. म्हणजे ज्यांची दहा वर्षं धाग्यात ओवायची सगळ्यात जास्त गरज, तीच आधी धाग्याबाहेर पडतात. बीडचं मूल नोव्हेंबरात कोल्हापूरच्या फडावर जातं तेव्हा त्याला शिक्षण हमी कार्ड द्यायचं असतं, म्हणजे तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावं. ते कार्ड कागदाचं आहे. सरलमधला क्रमांक मात्र बहुतेक वेळा मूळ गावच्या शाळेतच राहतो, आणि एप्रिलमध्ये मूल परत आल्यावर तो रकाना पाहिला तर वाटेल, ते कुठे गेलंच नव्हतं.

टेक्सासमध्ये गेलेलं मूल शोधायला आधी एका शाळेत कोणीतरी शून्यावर बोट ठेवावं लागलं. आता प्रश्न घेऊ या. मागे ज्यांनी केव्हाचा हात वर केलाय, त्यांच्यापासून सुरुवात करू.